माळकरणीच्या हातचं मटण

मनकर्णाबाईच्या फ्रिजात मटण ठेवलंय, ही बातमी गावभर व्हायला फार वेळ लागला नाही. गाव नांदेडकडच्या लोह्यावरून आत, फाट्यापासून चालत निघालं तर घामाघूम व्हावं एवढ्या अंतरावर. तिथं एरवी महिनोन्महिने काही घडत नाही, त्यामुळे जे घडतं ते लोक चघळत बसतात. मनकर्णाबाई म्हणजे गळ्यात तुळशीची माळ असलेली बाई. एकादशी कधी मोडली नाही, सप्ताहात पहाटेच्या काकड्याला सगळ्यांच्या आधी हजर. कुणाच्या परसात मटण शिजत असलं तर नाकाला पदर लावून लांबून जाणारी. आणि आता तिच्याच फ्रिजात, वरच्या बर्फाच्या कप्प्यात, बोकडाचं मटण. भजनातल्या बायांनी एकमेकींकडे बघितलं. टाळ वाजवायला बसताना तिच्या शेजारची जागा जरा रुंद व्हायला लागली.

बोलणाऱ्यांचं आणि बघणाऱ्यांचं काय जातं? ज्याच्यासाठी ते मटण होतं तो माणूस, तिचा नवरा ग्यानोबा, ओसरीत बाजेवर पडून होता. एके काळचा आडदांड गडी, सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी एकट्यानं लावणारा. गळ्यात आणि काखेत गाठी निघाल्या आणि वर्षाच्या आत तो स्वतःच्याच सदऱ्यात हरवून गेला. नांदेडच्या दवाखान्यात त्याला ठरलेल्या दिवशी केमोचं सलाईन लागायचं. बरीचशी लागली होती, दोन राहिली होती. डॉक्टरनं भारतला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका पोराला, बाजूला घेऊन सरळ सांगितलं होतं की अंगात ताकद नसेल, रक्तातल्या पेशी भरल्या नाहीत, तर पुढचं सलाईन देता येणार नाही. आणि सलाईन चुकलं तर गाठी पुन्हा उठतील. अंडी द्या, मटणाचं पाणी द्या, खिमा द्या, जे घशाखाली उतरेल ते द्या. पण चांगलं द्या, नीट शिजवून द्या, ह्या माणसाला साधा आजारही सोसायचा नाही. मनकर्णाबाईनं त्यातलं एवढंच मनात धरलं की ही दोन सलाईनं लागली तर माणूस वाचतो, आणि ती लागायची असतील तर घरात मटण शिजलं पाहिजे.

शिजवायचं कुणी, हाच घोळ होता.

ह्या घरात मटण कधी वर्ज्य नव्हतं, पण मनकर्णाबाईचा त्याच्याशी संबंध नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा खात होती, पण शिजवलं कधी नव्हतं. मग पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा तिनं सप्ताहातल्या महाराजांकडून माळ घेतली, की एवढं जगू दे, पुन्हा मांसाला तोंड लावणार नाही. भारत जगला. माळ गळ्यात राहिली. तेव्हापासून ग्यानोबाला मटण खावं वाटलं की तो ते स्वतःच शिजवायचा, घरामागे तीन दगडांची वेगळी चूल मांडून, जर्मनच्या वेगळ्या भगुन्यात. ती फक्त येसराचा मसाला कुटून द्यायची, कांदा-खोबरं भाजून द्यायची आणि दाराच्या आत जायची. आतून तिला दिसायचं, की रस्सा उकळला की ग्यानोबा चमच्यानं थोडा डाव्या तळहातावर घेतो, फुंकतो, चाटतो, आणि मग मान हलवतो. अर्ध्या संसारात तिनं मटण एवढंच बघितलं होतं, दारातून, त्याच्या मानेच्या हलण्यावरून.

भारत लातूरला एका खासगी शाळेत कारकून. रविवारी पहाटेच्या एसटीनं निघायचा, लोह्यात उतरून मटण घ्यायचा आणि गावात यायचा. जमेल त्या रविवारी त्याची बायको राजकन्याही यायची. मोठी नेटकी बाई. मटण धुऊन त्याच्या छोट्या छोट्या पिशव्या करायची, एका वेळेला एक. हाडांच्या वेगळ्या, खिम्याच्या वेगळ्या. त्या चपट्या करून अशा मांडायची की एक ओढली तर दुसरी हलू नये.

"आत्याबाई," ती बजावून सांगायची, "सकाळी एकच पिशवी काढायची. बाकीच्यांला हात लावायचा न्हाई. एकदा पघळलेलं परत बर्फात ठेवायचं न्हाई."

"हाव," मनकर्णाबाई म्हणायची. ते तिनं शब्दशः पाळलं. काढलेलं तिनं कधी परत ठेवलं नाही.

फ्रिज तसा भारतचाच, जुना, टेंपोत घालून आणलेला. आधी त्यात दूध, दही आणि देवाचं लोणी असायचं. शेजारच्या सिद्धम्माच्या दुधाची चरवीसुद्धा तिथंच असायची, कारण तिच्याकडे फ्रिज नव्हता, आणि ती दिवसातून तीनदा ठेव-काढ करायला यायची. सिद्धम्मा लिंगायत. वर मटण आलं त्या दिवशी तिनं चरवी उचलली.

"रागावून न्हाई बरं का बाई," ती म्हणाली. "आमच्यात चालत न्हाई, तुमाला ठाव हायच."

"तुमचं बरोबर हाय," मनकर्णाबाई म्हणाली. खरं तर तिला लई लागलं. पण सिद्धम्माला बोल लावायचा तर आधी स्वतःला लावावा लागला असता. सिद्धम्मा ओसरीत येऊन बसायची, ग्यानोबाशी बोलायची, पण त्या फ्रिजाचं दार तिनं पुन्हा उघडलं नाही.

पहिल्या दिवशी मनकर्णाबाईनं माळ चोळीच्या आत सारली. माळेला दिसू नये म्हणून. नाकावरून पदर घेऊन मागे गाठ मारली आणि पिशवी कात्रीनं कापली. ग्यानोबाची बाज तिनं घरामागे लिंबाखाली ओढून घेतली होती, म्हणजे तो पडल्या पडल्या सांगेल आणि ती करील.

"आता काय करू?"

"धू. दोन पाण्यानं."

"धुतलं."

"हळद लाव. तेवढी न्हाई. हळदीचं लगीन हाय का?"

"मग केवढी?"

"चिमूट. आता पाणी घाल, आन् झाकून दे. झाकणावर बी पाणी ठेव."

तिनं केलं. बाळंतपणं, मयतं, सगळं निस्तरलेली बाई, पण त्या लिबलिबीत तुकड्यांना बोट लावताना तिच्या अंगावर काटा आला. पाण्याला फेस आला तो काढायचा असतो हे सांगायचं ग्यानोबा विसरला आणि तिला ठाऊक नव्हतं. पहिल्या दोन घोटांतच त्याला भडभडून आलं आणि सगळं बाजेखाली पडलं. तो वैतागून बोलून गेला, "असलं कुत्रं बी खायचं न्हाई."

मनकर्णाबाईनं भगुनं उचललं, उकिरड्यावर नेऊन रिकामं केलं, घासलं, पालथं घातलं आणि न्हाणीत जाऊन रडली. त्या दिवशी ती जेवली नाही. संध्याकाळी भाकरी कर म्हणून त्यानं दोनदा हाक मारली तेव्हा बाहेर आली. डोळे सुजलेले.

"भारतच्या माय," तो म्हणाला, "तू माझ्यापायी देवाशी वाकडं घेऊन राहिलीस आन् मी नावं ठेवू लागलो. पुन्यांदा तुझ्या हातच्याला नाव ठेवणार न्हाई."

माणसं असलं बोलतात आणि विसरून जातात. ग्यानोबा विसरला नाही.

हळूहळू तिला जमू लागलं. पाककला वगैरे काही नाही, साधं, आजाऱ्याला उतरेल असं. हाडं असली की हळद-मिठातलं पाणी, वर तुपाचा थेंब. खिमा असला की मुगाच्या डाळीत घोटून, खिचडीसारखा. मऊ तुकडे असले आणि त्याला जरा बरं वाटत असलं की येसर लावून पातळ रस्सा, आणि त्यात ज्वारीची भाकर कुस्करून. सकाळी पिशवी काढून ताटात ठेवायची, वर टोपली पालथी घालायची, टोपलीवर दगड, मांजरासाठी. दुपारी शिजवायचं, मग अंगावरून पाणी घ्यायचं आणि माळ चोळीतून बाहेर काढायची.

चव मात्र तिला घेता येत नव्हती. हात लावला तेवढं देवानं पोटात घातलं असेल, पण जिभेवर ठेवलं तर माळ गेली, आणि माळ कशासाठी घेतली होती हे ती विसरली नव्हती. शेजारी सिद्धम्मा, तिच्याकडे चाखायला कुठून नेणार? मग ती चमच्यात रस्सा घेऊन बाजेपाशी यायची.

"आवं, मीठ बघा."

ग्यानोबा डावा तळहात पुढे करायचा. ती त्यावर थोडा रस्सा सांडायची, तो फुंकून चाटायचा आणि मान हलवायचा.

"बरोबर हाय."

दर वेळी बरोबरच असायचं. सलाईनामुळे त्याच्या तोंडाची चव गेली आहे हे तिला माहीत होतं. भाकर मातीसारखी लागते आणि पाण्याला लोखंडाचा वास येतो, असं तो डॉक्टरला सांगताना तिनं ऐकलं होतं. राजकन्या एका रविवारी आली, तिनं रस्सा चाखला आणि हसू दाबून म्हणाली, "आत्याबाई, मीठच न्हाई की ह्यात." मनकर्णाबाईनं बाजेकडे बघितलं. ग्यानोबा म्हणाला, "मला तर लागलं." पुढच्या वेळी तिनं मीठ वाढवलं. पण विचारायची सोडली नाही, आणि तोही हात पुढे करायचा सोडला नाही. लग्नाला एवढी वर्षं होऊन नवरा-बायकोत जे लाडिक बोलणं कधी झालं नव्हतं, ते बहुतेक त्या चमच्यातून होत होतं.

आणि माणूस सुधारला. उगाच सांगत नाही, खरंच सुधारला. गालाची हाडं जरा बुजली. काठी टेकत सकाळी मारुतीपर्यंत जाऊन येऊ लागला. रक्त तपासून डॉक्टर म्हणाला, छान, देऊ या. मनकर्णाबाईला कुणी शाळेत शाबासकी दिली नव्हती, ती त्या दिवशी मिळाली. राहिलेल्या दोनमधलं एक सलाईन त्याला त्या चैतात लागलं. ह्या वेळी ताप आला म्हणून त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं, आणि त्याच दिवशी परतायच्या बोलीवर निघालेली दोघं तीन-चार दिवस नांदेडलाच अडकली. घराला कुलूप, किल्ली सिद्धम्माकडे, तुळशीला पाणी घालायला.

दवाखान्यात एके सकाळी मनकर्णाबाईनं खालच्या टपरीवरून चहा आणून दिला. ग्यानोबानं एक घोट घेतला आणि कप बाजूला ठेवला.

"दूध नासलंय," तो म्हणाला.

"तुमाला कळून राहिलं व्हय?"

"आंबटाचं कळतंय तेवढं."

तिनं तो चहा ओतून दिला, दुसरीकडून आणला आणि विसरून गेली.

त्याच दिवसांत गावाकडे वावटळ उठली, तारांना तारा घासल्या आणि विजेची डीपी जळाली. गावात डीपी जळणं म्हणजे काही बातमी नव्हे. उन्हाळ्यात एकदा तरी जळतेच. लोकांनी फोन लोह्याला नेऊन चार्ज केले, अंगणात बाजा टाकल्या, वायरमनच्या नावानं बोटं मोडली. दोन दिवस गाव अंधारात होतं. मग नवी डीपी आली, दिवे लागले, आणि झालं गेलं लोक विसरले. मनकर्णाबाईच्या कुलूपबंद घरात तो फ्रिज गप्प झाला, पाझरला, आणि मग पुन्हा घरघरायला लागला. चैताचं ऊन, पत्र्याचं घर. सिद्धम्माची चरवी त्यात असती तर तिनं पहिल्याच दिवशी दार उघडलं असतं. पण तिचं दूध आता तिच्या घरी होतं, आणि तुळस बाहेर होती.

परतल्यावर मनकर्णाबाईनं फ्रिज उघडला तेव्हा आतला दिवा लख्ख लागला. खाली थोडं पाणी साचलं होतं, ते तिनं पुसलं. वरच्या कप्प्यात बर्फ कडक. पिशव्या मात्र वेगळ्या निघेनात. सगळ्यांचा मिळून एक गोळा झाला होता, आणि तळाशी लालसर बर्फ. राजकन्येनं बघितलं असतं तर जागच्या जागी ओरडली असती. ग्यानोबानं बघितलं असतं तरी कळलं असतं. मनकर्णाबाईला वाटलं, लई दिवस उघडला नाही म्हणून बर्फ जास्त धरला. तिनं खलातला बत्ता घेतला आणि हलक्या हातानं ठोकून एक पिशवी सुटी केली.

एरवी ग्यानोबा लिंबाखाली असायचा, चुलीवरून येणाऱ्या वासावरून सांगायचा, आता झाकण काढ, आता आच कमी कर. त्या दिवशी प्रवासानं त्याचा जीव शिणला होता आणि तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मनकर्णाबाई एकटीच मागे बसली. माळ आत, पदर नाकावर. वास आला. पण तिला मटणाचा वास नेहमीच येत होता आणि तो तिला नेहमीच वाईट वाटत होता. चांगल्या मटणाचा वास कसा असतो हे जिला आता आठवतही नाही, तिला वाईट मटणाचा कुठून कळणार? फेस जास्त आला, तो तिनं मन लावून काढला. थकलेल्या माणसाला पाणीच बरं म्हणून हळद-मीठ घातलं, आलं-लसूण जरा जास्त ठेचून घातलं. भरपूर शिजवलं. शिजवण्यात तिनं कसलीच कसूर केली नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर तिनं स्वतःला ते कधी सांगितलं नाही.

मग ती चमचा घेऊन आत गेली.

"आवं, मीठ बघा."

ग्यानोबा उठून बसला. तळहात पुढे केला. चाटला. आणि ह्या वेळी मान हलवायला त्याला जरा वेळ लागला. तो तिच्याकडे बघत होता. चुलीच्या धगीनं तिचं तोंड लाल झालं होतं, कपाळाला राख लागली होती, आणि पदर अजून नाकावरच बांधलेला होता.

"कवा उठलीस तू आज?"

"पहाटंच. काऊन?"

"काही न्हाई," तो म्हणाला. "बरोबर हाय."

त्यानं वाटी रिकामी केली. थांबून थांबून, घोट घोट, पण रिकामी केली. तिनं आणखी घेता का विचारलं तर वाटी पुढे केली. मनकर्णाबाईला कोण आनंद झाला. तिनं लातूरला फोन लावून भारतला सांगितलं, आज तुझ्या आबांनी दोन वाट्या पाणी घेतलं, आता पुढचं सलाईन काही चुकत न्हाई.

दिवस मावळताना पोटात कळा सुरू झाल्या. मग जुलाब, उलट्या, अंग चटके बसावेत असं गरम. सिद्धम्माच्या पुतण्यानं जीप काढली. नांदेडला पोचेपर्यंत ग्यानोबा तिला ओळखत होता, तिचा हात धरून होता. दवाखान्यात गेल्यावर बोलणं तुटलं. भारत आला, राजकन्या आली, रक्ताच्या पिशव्या आल्या. डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लं होतं? भारतनं सांगितलं, मटणाचं पाणी, घरचं. घरात आणखी कुणाला त्रास झाला का? भारतनं आईकडे बघितलं.

"बाकी कुणी खाल्लंच न्हाई," मनकर्णाबाई म्हणाली. "मी माळकरी हाय."

डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. पाण्यानंही होतं, हवेतूनही होतं, अंगात पेशीच नाहीत तर कशानंही होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ग्यानोबा गेला. शेवटचं सलाईन राहिलंच.

दिवस झाले. पाहुणे आले आणि गेले. सुतकात कुणी वरच्या कप्प्याला हात लावला नाही. निघायच्या आधी राजकन्या म्हणाली, "आत्याबाई, ते वरचं टाकून देते." मनकर्णाबाई म्हणाली, राहू दे, मी टाकते. भारतनं लातूरला चल म्हणून लई आग्रह केला, ती म्हणाली, वर्षश्राद्ध होऊ दे. करिश्माची, म्हणजे नातीची, शाळा होती. ती तिघं गेली आणि घर मोकळं झालं.

सिद्धम्मा रोज येऊन बसायची. एका दुपारी बोलता बोलता तिच्या तोंडून निघालं, "ह्या साली लाईटीनं लई छळलं. तुमी नांदेडला असताना तर दोन दिवस डीपीच जळाली होती. माझं चरवीभर दूध नासलं बघा."

मनकर्णाबाईच्या हातातलं निवडायचं सूप तसंच राहिलं.

"कवा?"

"तुमी दवाखान्यात होता तवाच की. कुणी सांगितलं न्हाई?"

कुणी कशाला सांगेल? सिद्धम्मा आणखी काहीबाही बोलत राहिली आणि उठून गेली. मनकर्णाबाई तिथंच बसली. पिशव्यांचा गोळा, तळाचा लाल बर्फ, पुसलेलं पाणी, सगळं एकापाठोपाठ एक तिच्यासमोर आलं. डॉक्टर म्हणाला होता सांगता येत नाही, आणि त्या एका वाक्यावर ती इतके दिवस तग धरून होती. आता तिला कळून घ्यायचं होतं. भारतला विचारलं असतं तर तो न्हाई म्हणाला असता, मन राखायला. कुत्र्याला घालून बघावं असंही मनात आलं, पण कुत्रं उकिरड्यावरचंही खातं, ते काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आधी भारतला फोन लावला.

"बरा हायस का रे?"

"हाव माय. काऊन? काय झालं?"

"काही न्हाई. जेवत जा येळेवर." तिनं फोन ठेवला. मग गळ्यातली माळ काढली. भारतच्या जन्माआधीपासून ती उतरली नव्हती. स्वच्छ फडक्यात गुंडाळून देवापुढे ठेवली आणि म्हणाली, "माझं काय करायचं ते कर, पोराकडं बघू नको."

गोळ्यातली एक पिशवी तिनं बत्त्यानं सुटी केली. ताटात ठेवली, टोपली, टोपलीवर दगड. दुपारी चूल पेटवली. दोन पाण्यानं धुतलं, चिमूट हळद लावली, झाकण, झाकणावर पाणी, फेस काढला, आलं-लसूण तेवढंच, मीठ तेवढंच, हाताच्या अंदाजानं. लिंबाखाली बाज अजून तशीच होती. ह्या वेळी तिनं नाकावर पदर बांधला नव्हता.

तिनं चमचा भरला. बाजेकडे बघितलं आणि सवयीनं तोंडातून शब्द येता येता राहिले. मग डावा तळहात पुढे केला, त्यावर थोडं पाणी घेतलं, फुंकलं आणि चाटलं.

आंबट. कुजकं आंबट. ते ओळखायला मटण खाल्लेली जीभ लागत नव्हती. माळकरणीलाही कळलं असतं. लेकराला कळलं असतं. आंबटाचं कळतंय तेवढं, असं ज्यानं त्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि नासका चहा एका घोटात बाजूला सारला होता, त्याला तर पहिल्या थेंबाला कळलं असणार. आणि तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला होता, कवा उठलीस म्हणाला होता, आणि दोन वाट्या प्याला होता. पुन्यांदा नाव ठेवणार न्हाई म्हणाला होता, तो शब्द त्यानं पाळला.

मनकर्णाबाई बाजेच्या कडेला बसली. घोट थुंकून टाकावा म्हणून तिनं तोंड वळवलं, पण तो आधीच घशाखाली उतरला होता. तळहात अजून ओला होता. तिनं तो पुन्हा जिभेला लावला आणि ह्या वेळी नीट चव घेतली.

मीठ बरोबर होतं.